गुलाबरावांचा रिलीव्हर

खुर्सीपारच्या कामगार वस्तीत एखाद्या घरात काय शिजतंय हे त्या घरातल्या माणसांच्या आधी शेजाऱ्यांना कळतं. वंदना आपल्या बापासाठी जागा पाहायला निघाली, ही बातमी तिच्या स्कूटीच्या आधी कोपऱ्यावर पोचली होती. शेजारच्या रंभाकाकी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"बापाले आश्रमात टाकून राहिली म्हणते व?" त्यांनी विचारलं. अगदी मायेनं, ताप उतरला का विचारावं तसं.

"पाहून राहिली, काकी. अजून काई ठरलं नाई."

टाकणं हा शब्दच मोठा वाईट. लोक कचरा टाकतात, जुनं गाठोडं टाकतात. बाप टाकला म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारायची गरजच उरत नाही. वंदनाने स्कूटीला किक मारली आणि डोळे पुसायला कोहक्याच्या वळणापर्यंत वाट पाहिली.

तिचे बाबा, गुलाबराव गजभिये, यांनी उभा जन्म स्टील प्लांटच्या कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांपुढे काढला. भंडाऱ्याकडच्या शेतातल्या धानाच्या बांध्या सोडून आलेला हा माणूस आगीसमोर उभा राहिला तो थेट रिटायर होईपर्यंत. आता आठवण उंदरानं कपडा कुरतडावा तशी जागोजागी गेली होती. बायको कमला वारली हे ते विसरत. कधी वंदनाला "बाई" म्हणत, कधी बहीण समजत. पण शिफ्ट विसरले नाहीत. भल्या पहाटे उठायचे, अंगावर पाणी घ्यायचे, शर्ट घालायचे आणि फर्स्ट शिफ्टच्या ड्युटीला निघायचे. दोनदा प्लांटच्या गेटवरच्या गार्डने त्यांना हाताला धरून घरी आणून सोडलं.

मग वंदना शाळेत शिकवायला जाताना बाहेरून कडी लावायला लागली. नवरा जामुलच्या सिमेंट कारखान्यात, पोरगी उन्नती कॉलेजात, करणार काय? एक दिवस ती घरी आली तर बाबा बंद दाराच्या आत रिकामा डबा घेऊन उभे होते. दोन्ही तळहात दारावर टेकलेले, पायजमा ओला. "वॉचमन गेट नाई खोलून राहिला," ते तिला म्हणाले. "माह्या जोडीदाराची शिफ्ट संपली असन. तो बिचारा अडकला असन ना माह्यासाठी."

वंदना आधी स्वयंपाकघरात जाऊन रडली, मग बाहेर येऊन तिने त्यांचा पायजमा बदलला. त्या दिवशी तिला कळून चुकलं की आपण बाबांना सांभाळत नाही, नुसतं कोंडून ठेवतो. आणि तरीही दुसऱ्याच्या दारी ठेवायचा विचार आला की ती तो दुसऱ्या दिवसावर ढकलायची.

भाऊ सुगत बंगलोरला. त्याने फोनवर शहराबाहेरचं एक मोठं वृद्धालय सुचवलं. तिथे लिफ्ट होती, बाग होती, प्रत्येक खोलीत कॅमेरा होता. "दीदी, मोबाइलवर बाबा दिवसभर दिसतील आपल्याला," तो म्हणाला. त्याला बाबा मोबाइलवर दिसले तरी पुरे होतं. दूर राहणाऱ्याची माया अशीच असते, तिला हात नसतात, नुसते डोळे असतात. वंदना चिडली नाही, जाऊन पाहून आली. फरशी अशी चकचकीत की तिचाच पाय घसरला. तिथल्या मॅनेजरबाईंना तिने आपला एकच प्रश्न विचारला, "ते पहाटे उठून ड्युटीला निघतात. तेव्हा काय करता?"

"उसकी चिंता मत कीजिए," बाई हसून म्हणाल्या. "दो-चार दिन में सब शांत हो जाते हैं."

कसे शांत होतात, हे विचारायची वंदनाची छाती झाली नाही. व्हरांड्यात ओळीने बसलेले म्हातारे खरंच फार शांत होते.

सिंधुताईंचं घर तिला शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. कोहक्यात, बाहेर पाटी नाही. सिंधुताईंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं, मग शेजारणीच्या आईचं, आणि तिथून घर भरत गेलं. आता पाच म्हातारी माणसं त्यांच्याकडे राहत. हाताखाली सून खुशबू आणि सिंधुताईंचे यजमान. त्यांना अख्खी गल्ली भैय्याजीच म्हणायची, बायकोसुद्धा. अंगणात कोळशाची सिगडी, तिच्यावर आंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं. दोरीवर वाळत घातलेली लुगडी. आणि घरभर आंबाडीच्या भाजीचा वास. फरशी फुटकी होती, पण कुणी घसरत नव्हतं.

वंदनाने इथेही तोच प्रश्न विचारला. सिंधुताईंनी हातातली लसूण सोलणं थांबवलं नाही.

"कोनत्या शिफ्टले जातेत?"

"फर्स्ट."

"मंग बरं हाय. नाइटवाले असते त पंचाईत होती," सिंधुताई म्हणाल्या. "माहे भैय्याजी प्लांटातच, रेल मिलमध्ये होते. अजून झोपेत हातवारे करतेत. तुमी आना त्याईले एक दिवस. पाहुणे म्हणून आना, जेवतीन, बसतीन, पाहतीन. त्याईले नाई करमलं त वापस न्या. पन एक सांगतो, काई लबाड बोलून आनू नका. लबाडी मांगून निस्तरावी लागते."

वंदनाने मान हलवली. आणि घरी येऊन तिने नेमकं तेच केलं. दुसऱ्या दिवशी बाबा काही केल्या पाहुणे म्हणून निघेनात. "कोनाकडे? कायले? मी नाई ओळखत त्याईले." तिसऱ्यांदा समजावून थकलेल्या वंदनाच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, ड्युटी आहे आज. फर्स्ट शिफ्ट. उशीर होऊन राहिला."

गुलाबराव उठले. स्वतःच्या हाताने भांग पाडला. बुटांच्या नाड्या बांधल्या, ज्या ते गेले कित्येक महिने बांधू शकत नव्हते. डबा मागितला. स्कूटीवर मागे ताठ बसले आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हात करत कोहक्यापर्यंत आले. वंदनाला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोरगी ती. जी गोष्ट तिला तिथल्या शेंबड्या पोराइतकी ठाऊक असायला हवी होती, तीच विसरली.

सकाळ तर दृष्ट लागावी अशी गेली. गुलाबरावांनी अंगणात येताच सिगडी पाहिली आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. कोळसे हलवले, राख झाडली, खुशबूला "आँच बराबर रखना, बेटी" म्हणून बजावलं. पाचही म्हाताऱ्यांना आंघोळीला कढत पाणी मिळालं. वंदना आत सिंधुताईंना भाजी निवडू लागत होती आणि मनातल्या मनात बाबांचं सामान लावत होती. खिडकीजवळचा पलंग, वर आईचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो.

दुपारी दोन वाजता ताटं वाढली. गुलाबराव उठेनात.

"बाबा, जेवाले चला."

"रिलीव्हर नाई आला."

वंदनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो आल्याशिवाय, त्याला चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा प्लांटचा कायदा. आणि गुलाबरावांचा तर धर्मच. लहानपणी कितीदा आई ताट झाकून बसलेली असायची आणि बाबा यायचे नाहीत. रिलीव्हर आला नाही, म्हणून ते डबल करत, पुढची शिफ्टही तेच काढत. वंदनाला पाहायला पाहुणे येऊन बसले, मुलगी दाखवून झाली, चहा झाला, आणि मग कोळशाने काळवंडलेल्या तोंडाने बाप आला होता. तेव्हा ती किती रुसली होती. आज तिनेच त्यांना ड्युटीवर बसवलं होतं, अशा ड्युटीवर जिच्यावरून सोडवायला या जगात कुणी येणार नव्हतं.

"बाबा, सुट्टी झाली. सायबानं सांगतलं."

"सायब नाई सांगत असं." त्यांचा आवाज चढला. खुशबूने हात धरून उठवायला पाहिलं तर तिचा हात झटकला. "आग सोडून जाऊ का मी? मानसं हायेत तिकडं!" त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते घाबरले होते. आपला बाप घाबरलेला वंदनाने फार कमी वेळा पाहिला होता, आणि घाबरवलं आपण, हे तिला सहन होईना.

"चुकलं माझं," ती सिंधुताईंना म्हणाली. "तुमी सांगतलं होतं. मी नेते त्याईले घरी. नाई जमणार आमाले हे."

"न्याल कसे? उठून त नाई राहिले," सिंधुताई म्हणाल्या. रागावल्या मात्र नाहीत. आत वळून त्यांनी हाक मारली, "भैय्याजी, उठता का जरा?"

भैय्याजी दुपारची डुलकी काढत होते. काय झालं ते त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. मागच्या खोलीत खुडबुड झाली, आणि थोड्या वेळाने ते मागच्या दाराने निघून, घराला वळसा घालून, पुढच्या फाटकातून आत आले. डोक्यावर पिवळं पडलेलं हेल्मेट, पायांत जुने सेफ्टी बूट, खाली लुंगी. एरवी हसू आलं असतं. कुणी हसलं नाही.

"काय गुलाबभाऊ, टाइम झाला ना मले?" ते म्हणाले. "सायकल पंक्चर झाली. द्या चार्ज."

गुलाबरावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लुंगीवर नजर जरा अडखळली, पण हेल्मेटनं काम केलं. ते उभे राहिले. "आग बरोबर हाय. डाव्या बाजूनं लवकर विझते, तिकडं ध्यान द्या. पानी अर्धं हाय. राख काढली." मग थांबून, "बाकी सब ठीक."

"चार्ज घेतला," भैय्याजी म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

गुलाबरावांच्या अंगातून सगळा ताण उतरला. हात धुतले, पाटावर बसले आणि दोनदा भात मागून घेऊन जेवले. वंदनाने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. ती फाटकाजवळच्या ओट्यावर जाऊन बसली, खांद्याला पर्स तशीच. जागा हीच, एवढं आता तिला ठाऊक होतं. याहून चांगली माणसं तिला शोधूनही सापडली नसती. पण उठून जायचं कसं? आई वारल्यापासून रात्री बाबांच्या खोकल्याला जागं व्हायची तिच्या कानांना सवय झाली होती. ती सवय कुणाच्या हवाली करायची? रंभाकाकी म्हणत होत्या तेच खरं वाटायला लागलं होतं. टाकून जातेय मी.

जेवून गुलाबराव अंगणात आले आणि तिच्यासमोर थांबले. डोळ्यांत लेकीची ओळख नव्हती. पण बसण्याची ती रीत त्यांना ओळखीची असावी. शिफ्ट संपल्यावर थकून, सामान खांद्याला लावून, वाट पाहत बसलेला माणूस.

"तुमचा रिलीव्हर नाई आला का, बाई?"

वंदनाने वर पाहिलं. आता लबाडी करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. आणि हे लबाड नव्हतंच.

"नाई आला."

"डबल करून राहिल्या का?"

"हो. लय दिवस झाले."

गुलाबराव चुकचुकले. "असं नाई कराव. मानूस पडते यानं. घरी लेकरं असतीन." ते शेजारी बसले. "मी हाओ ना. द्या मले चार्ज."

तिने खांद्यावरची पर्स काढून मांडीवर घेतली. ते थांबले, चार्ज देणाऱ्याची घाई करू नये, हेही त्यांना ठाऊक होतं. सिंधुताई दारात उष्टी ताटं घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

"एक म्हातारे बाबा आहेत," वंदना म्हणाली. "पहाटे लवकर उठतात. तेव्हा कडी लावायची नाही, सोबत चालायचं. चहात साखर कमी केलेली त्यांना लगेच कळते. उजवा गुडघा दुखतो, पण ते सांगत नाहीत. रात्री खोकला येतो, कोमट पाणी दिलं की थांबतो." तिने डोळे पुसले. "कधी कधी बायकोला हाका मारतात. ती गेली, असं म्हणायचं नाही. जवळ बसायचं. आणि ते चांगले आहेत. फार चांगले आहेत ते."

गुलाबराव एकेक गोष्टीला मान हलवत होते, अगदी मन लावून, जसं एखाद्या अवघड भट्टीबद्दल ऐकावं. "आनखीन काई?"

"त्यांना एकटं वाटू द्यायचं नाही."

"नाई वाटू देनार," ते म्हणाले. "चार्ज घेतला. जा तुमी आता."

दारातल्या सिंधुताईंनीही मान हलवली. त्यांनी एकही शब्द सोडला नव्हता.

वंदना उठली, पण पाय निघेना. ती तशीच उभी राहिली, तेव्हा गुलाबरावांच्या कपाळाला आठी पडली. नव्या पोरांना शिकवत तशा आवाजात ते म्हणाले, "चार्ज देल्यावर मांगं उभं नाई राहाव, बाई. दोघाईचंही ध्यान बिघडते. जाव सरळ घरी अन् झोपाव."

"हो, बाबा," वंदना म्हणाली.

तिने फाटक उघडलं, बाहेर येऊन अलगद लोटलं आणि स्कूटी सुरू केली. आईचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, औषधं, गरम स्वेटर, सगळं संध्याकाळी घेऊन यायचं होतं. पण आधी ती घरी जाऊन झोपणार होती, कारण तिच्या बापाने तसं सांगितलं होतं.