कोरड्यातली मिठी

प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिचा जीव जडला होता तो एका पेप्टाइडवर. जंतूंशी लढायला शरीर स्वतःच प्रथिनाच्या लहान साखळ्या बनवतं, त्यांतल्याच एकीत फेरफार करून तिने ते रचलेलं. अजून होतं फक्त संगणकाच्या पडद्यावर. पण जंतूच्या विषाच्या टोकाला असं बिलगायचं, की बघतच राहावं.

त्या विषाशी तिचं जुनं वैर. तिला वाढवणाऱ्या आत्याच्या पायाची जखम चिघळली. औषधाने जंतू मेले. पण साप मेला म्हणून अंगातलं विष थोडंच मरतं? ते पेशींना भोकं पाडत राहिलं आणि आत्याचा पाय गुडघ्यापासून गेला. विषाचं टोकच कोणी धरून ठेवलं तर भोक पडणार नाही, एवढ्यासाठी धाकटी या प्रयोगशाळेत आली होती.

यंदा एकच साखळी खरोखरीची बनवून मिळणार होती. मागणी पाठवणार, तेवढ्यात किंतुकाका मागे येऊन उभे राहिले. संगणकांचं काम बघणारे हे गृहस्थ प्रत्येक गोष्टीत किंतु काढत, म्हणून हे नाव. तोंडावर मात्र सगळे नुसतं काका म्हणत.

"छान चिकटलंय. पाणी कुठाय?"

"पाण्याचे कण घातले की गणित आठवडाभर रेंगाळतं, काका. वगळलं."

"का? माणसाचं अंग वाळवंट आहे?"

"तुम्हाला ना, दुधातसुद्धा खडे सापडतील!"

"असले तर सापडायलाच हवेत. थांब आठवडाभर. उशिराबद्दल वरून बोलणी बसली तर मी खातो."

धाकटीने दातओठ खात पाणी घातलं. तिचं लाडकं पेप्टाइड सैल पडलं. कोरड्यात त्याला विषाशिवाय धरायला कोणी नव्हतं, म्हणून ती मिठी. पाण्याचे कण भोवती जमले तसं ते त्यांच्यातच रमलं आणि निघून गेलं.

मग आधी नाकारलेल्या साखळ्या तिने एकेक करून पाण्यात सोडल्या. बहुतेक सुटल्या. एक आखूड, तेलकट अंगाची, कोरड्यात जेमतेम टेकणारी, तीच टिकली. पाण्याशी तिचं पटेना, म्हणून विषालाच धरून बसली.

"दिसायला यथातथाच आहे," काका म्हणाले.

"आता तुम्हीही नावं ठेवा!"

"छे गं. माझ्या सासूबाई माझ्याबद्दल हेच म्हणाल्या होत्या. पाठव मागणी."

साखळी बनून आली. धाकटीने पेशींच्या एका ताटलीत नुसतं विष घातलं, दुसरीत विष आणि साखळी. ठरल्या वेळी दोन्ही पाहिल्या आणि धावत काकांच्या खोलीत गेली.

"चला."

"मला काय कळतंय त्यातलं? मी पडद्यावरचा माणूस."

"चला हो! वाट्टेल ते बोलले मी तुम्हाला. तुम्ही अडवलं नसतं तर त्या लाडक्यापायी वर्ष गेलं असतं माझं. हे तुमचंपण आहे."

तिने सूक्ष्मदर्शकापुढे स्टूल ओढलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. पहिल्या ताटलीत नुसता चिखल होता. तिने दुसरी सरकवली.

"हे गोल गोल काय?"

"पेशी."

"जिवंत?"

"सगळ्या नाहीत. पण बऱ्याच."

काकांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे ओलावले होते. "आत्याला कळवलंस?"

"कळवते. आधी तुम्ही पोटभर बघा."

ते पुन्हा वाकले. धक्का लागू नये म्हणून टेबलावरचा हातही त्यांनी मागे घेतला.