पहिली पंगत

गावची यात्रा जवळ आली, की आशाचं डोकं दुखायला लागायचं. तिचे सासरे जानकू यांचं गाव डिंभे धरणात बुडालं आणि त्यांना या गावाच्या कडेला जागा मिळाली, त्याला पस्तीस वर्षं झाली होती. तेव्हापासून दर यात्रेत गावकरी या धरणग्रस्तांच्या वस्तीवरच्या लोकांना टोपी-टॉवेल देऊन पहिल्या पंगतीला बसवत. आधी पाहुणे, मग गाव. यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं आणि त्याचीच चीड यायची.

बुडालेल्या गावात यात्रेची आमटी वाढायचा मान जानकूंकडे होता. इथेही ते दरवर्षी बादली मागत आणि पंच सयाजी हात जोडून सांगत, पाहुण्यांनी वाढायचं नसतं. यंदा जानकूंचे हात थरथरायला लागले होते. पुढच्या वर्षी बादली पेलणार नाही, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

या वेळी जानकू पत्रावळीसमोर बसलेच नाहीत. मांडवाचा खांब धरून उभे राहिले. ते बसेनात म्हणून वस्तीवरचं कोणी बसेना, आणि पाहुणे जेवल्याशिवाय गाव जेवेना. भाकऱ्या वाळल्या. पोरं रडायला लागली. आशाने सासऱ्यांना बसायची विनवणी केली, मग सयाजींना बादली द्यायची. दोघंही हलेनात. उन्हात उभं राहून तिला दोघांचाही सारखाच राग आला.

"पावणं, बसा की. गाव उपाशी हाय," सयाजी म्हणाले.

"पावणा येतो आन् जातो, राव," जानकू म्हणाले. "आमी कुठं गेलो?"

मागून कोणीतरी ओरडलं, की द्या एकदाची ती बादली. सयाजींनी ती जानकूंच्या हातात जवळजवळ आदळली आणि स्वतः पत्रावळीसमोर बसले.

पहिलीच पळी सयाजींच्या धोतरावर सांडली. आशा बादली घ्यायला धावली, पण सासऱ्यांनी ती सोडली नाही.

"नीट धर की म्हाताऱ्या," सयाजी खेकसले.

जानकू हसले आणि पुढच्या पत्रावळीकडे सरकले.

पंगती उठल्यावर आशा घरी निघाली, तर सयाजींनी हाक मारली. चुलीजवळ तिच्या कमरेएवढा आमटीचा टोप उभा होता.

"कुठं चाललीस? गावच्या बाया भांडी घासत्यात."

वस्तीवरच्या बाईला आजवर हे काम कोणी सांगितलं नव्हतं. आशाने टोपात वाकून पाहिलं. तळाला बोटभर करप होती. मनातल्या मनात सासऱ्यांना दोन शिव्या घालून तिने पदर खोचला आणि राख मागितली.