उबेला ठेवलेली वाटी

धनेशने डिस्क दोन्ही हातांत धरून कानाशी नेली आणि डोळे मिटले. आत काहीतरी घासत होतं. पाटीवर खिळा ओढावा तसा बारीक, अंगावर काटा आणणारा आवाज. त्याने घाईने वायर उपसली.

"बोलली काय?" खाटेवरून हैबतरावांनी विचारलं.

"अजून नाय, काका."

दुसरी डिस्क तपासायची राहिली होती, म्हणून त्याला 'अजून' म्हणता आलं.

सकाळी रोह्याहून निघताना त्याला वाटलं होतं, पॉवर सप्लाय गेला असेल. लांबलेल्या पावसात पेणमधली या बाजूची वीज गेली होती, ती दिवसचे दिवस आली नव्हती. आली तेव्हा गणपतीच्या कारखान्यातल्या सर्व्हरने फट् केलं आणि तो गप्प झाला, एवढंच हैबतरावांच्या मुलाने, हर्षदने नागोठण्याहून, शिफ्टवरून, फोनवर सांगितलं होतं. सप्लाय जळला होताच. धनेशने पिशवीतला दुसरा जोडला, मेमरीच्या पट्ट्या पुसून एकेक लावून पाहिल्या. पंखा फिरला, पण स्क्रीन काळी ती काळीच. मग मदरबोर्ड काढून उजेडात धरला, तर तांब्याच्या रेघांवर हिरवट-पांढरं काहीतरी माजलेलं. बोर्डाचं त्याला काही नव्हतं. बोर्ड बाजारात मिळतो. डिस्कही मिळते, पण कोरी.

हैबतरावांनी उभ्या आयुष्यात घडवलेले गणपतीचे नमुने त्या दोन डिस्कांवर होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. मूळ नमुने शाडूचे. दर पावसाळ्यात कुणाच्या सोंडेला चीर जाई, कुणाचा कान गळून पडे. म्हणून हर्षदने मशीनने सगळ्यांची मापं घेऊन ती कॉम्प्युटरात भरली. साचा झिजला की त्या मापांवरून नवा नमुना कापून घ्यायचा. सर्व्हर धनेशनेच बसवला होता. जे एका डिस्कवर तेच दुसरीवर, एक गेली तरी दुसरी आहे, असं त्याने छाती ठोकून सांगितलं होतं. ते ऐकून हैबतरावांनी आपले नमुने एकेक करून पिंपात भिजत घातले. शाडू काय फेकून देतात? ती मळून पुन्हा कामाला लागते. त्या मातीच्या मूर्ती झाल्या, विकल्या, पाण्यात गेल्या. त्यानंतर काचबिंदूने म्हाताऱ्याची नजर नेली. त्याने मध्यंतरी चाचपडत एक मूर्ती करून पाहिली. सोंड झकास वळली, पण दोन डोळे काही एका रेघेत येईनात. कुणी काही म्हणायच्या आत त्याने अंगठ्याने ते जोखलं आणि मूर्तीचा गोळा केला.

धनेशने दुसरी डिस्क जोडली. तोच आवाज. मुंबईच्या लॅबमधल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून त्याने तो ऐकवला.

"बंद कर आधी," तो माणूस म्हणाला. "पाठवायची तर पाठव. पण घरच्यांना आशा लावू नकोस."

धनेशला आता एकच कोडं उरलं होतं. पाणी आलं कुठून? छत कोरडं, भिंत कोरडी, सर्व्हरची पेटी लाकडी कपाटात जमिनीपासून चांगली वर. त्याने डिस्कवरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेला लावला. खारट लागला.

सरूकाकी चहा घेऊन आली. हैबतरावांची बायको धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरावर लहानाची मोठी झालेली. कप ठेवता ठेवता तिने कपाटात डोकावून पाहिलं.

"माजी वाटी कुठं ठेवलीस रं?"

"कसली वाटी?"

"मिठाची. पेटीवर होती ती."

सकाळी पेटी बाहेर काढताना वर एक स्टीलची वाटी होती खरी. त्याने ती न बघताच खिडकीत ठेवली होती. आता बघितली. तळाशी ओलसर खडे होते आणि काठावरून बाहेर उतरलेला पांढरा ओघळ वाळला होता.

"तूच बोल्लेलास ना, कपाटात ओल नको," काकी सांगू लागली. "मीठ सगली ओल पितं. आमच्याकडं तसंच करतात. आनि पेटी कशी, उबदार. उबेला ठेवलं की मीठ कडकडीत ऱ्हातं. कदी पानी सुटलं नाय त्याला."

खरंच होतं ते. पेटी चालू होती तोवर. वीज गेली, पेटी थंड पडली, मिठाला पाणी सुटलं आणि वरच्या जाळीतून थेंब थेंब आत, दोन्ही डिस्कांवर उतरलं. डिस्कला हवेसाठी एक बारीकसं भोक असतं. तेवढं पुरलं.

धनेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विजेवर ढकलून मोकळं होता आलं असतं. तेवढ्यात काकी ती वाटी धुऊन, ताज्या खड्यांनी भरून घेऊन आली.

"नवी पेटी आनशील ना, तिच्यावर ऱ्हाऊ दे."

"काकी, पेटीवर मीठ नको ठेवू."

"का रं?"

तो नुसता हातातल्या डिस्ककडे बघत राहिला. काकीने वाटी खाली ठेवली, डिस्क त्याच्या हातातून घेतली, बोटाने पुसली आणि ते बोट जिभेला लावलं. मिठागरावरची फावडी एका हंगामात मिठाने कशी खाल्ली जातात हे तिने जन्मभर पाहिलं होतं. आणखी काही सांगावं लागलं नाही.

"सगले गेले?"

"व्हय."

"हर्षदच्या बारशाचा बालगणेश पन?"

"सगळेच, काकी."

खाटेवर हैबतराव होते आणि त्यांचे कान शाबूत होते. काकीने डिस्क पदराने पुसली, पुन्हा पुसली आणि जपून फळीवर ठेवली. मग ती वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली.

"जेवून जा," तिने आतून सांगितलं.

या घरात पान वाढताना आधी डाव्या बाजूला वर मीठ पडतं, मग बाकीचं. नजर गेल्यापासून हैबतरावांचं अख्खं ताट त्या चिमटीवर उभं होतं. बोट मिठाला लागलं की त्याच्याखाली चटणी, मग भाजी, मधे भात, असं ते कुणाला न विचारता जेवत. काकीने तिघांची ताटं वाढली. भात, वालाची आमटी, चटणी. हैबतरावांचं बोट सवयीने डावीकडे वर गेलं. तिथे गार स्टील लागलं. बोट थोडं पुढे सरकलं, मागे आलं, काठाकाठाने फिरलं.

"सरू..." ते म्हणाले आणि थांबले.

काकी मान खाली घालून बसली होती. हैबतरावांनी चाचपत भात शोधला, आमटी कालवली आणि घास घेतला. धनेशनेही घेतला. आमटी अळणी होती.

"अजून आमटी वाढ," हैबतराव म्हणाले.