बसू का?

बसण्याआधी जरा ऐकून घ्या. मी एक तिवई आहे. तीन पायांची, बिनपाठीची, आणि आता वयोमानाने थोडी तिरसटही. कुलपांच्या एका कारखान्यात माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. माल भरायची खोकी बनवणारा एक सुतार होता. वरच्या फळीवरचा तेलाचा डबा काढता यावा म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या लाकडातून मला ठोकून काढलं. घाईत पुढचा पाय बोटभर आखूड राहिला. उद्या नीट करतो म्हणाला, आणि तो उद्या काही उजाडला नाही. मी डुगडुगत नाही हं, तीन पायांना ती खोड नसते. पण पुढे कलते. माझ्यावर ऐसपैस रेलून बसायची सोय नाही. बसणाऱ्याला समोरच्याकडे झुकावंच लागतं.

माझी हीच खोड मोठ्या साहेबांना आवडली. ते कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांना केबिन होती, फिरती खुर्ची होती, पण सकाळी आले की कोट खुंटीला आणि मी काखेत. रोज एका वेगळ्या कारागिराच्या बाकापाशी जायचे आणि विचारायचे, "बसू का?" लोकांनी त्यांचं नाव बसूकासाहेब पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

बसले की बोलायचे नाहीत. सुरुवातीला मला वाटलं, या गृहस्थांना कामातलं काही कळत नसावं. पण शेजारी कोणी पाच मिनिटं गप्प बसलं की माणसाला राहवत नाही. मग कोणी सांगायचं, पत्रा हल्ली ठिसूळ येतोय. कोणी सांगायचं, घरी सासूबाई आजारी आहेत, हात चालत नाही. साहेब ऐकायचे आणि उठताना विचारायचे, यात माझ्याकडून काय हवं? जे कबूल केलं ते आठवड्यात व्हायचं. कोणाला झापायचं असलं तर तेही बसूनच, शेजारच्या बाकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. कौतुक मात्र दारात उभं राहून करायचे.

एकदा कानस चालवणारा कारागीर तापलेल्या डोक्याने म्हणाला, आत्ता नको. साहेब "बरं" म्हणाले, मला उचललं आणि परत फिरले. हा माणूस खरंच विचारतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

ते जास्त रमायचे तपासणीच्या बाकावर. तिथे मावशी बसायच्या. कुलपाला त्याची किल्ली लावायच्या, कान जवळ नेऊन खटका ऐकायच्या, आणि मग पुढच्या कुलपाची किल्लीही त्याच कुलपात घालून बघायच्या. तिला त्या शेजारणीची किल्ली म्हणायच्या. तिने कुलूप उघडलं तर माल नापास. घरच्याला उघडतंय हे ठीक, पण परक्याला नाही म्हणता येतंय का, हे कोण बघणार, असा त्यांचा सवाल असायचा.

काय दिवस होते ते! माझ्या फळीला साहेबांच्या बसण्याची झिलई आली होती.

मग साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. सगळे तिला ताई म्हणू लागले. पोर हुशार, शिकलेली, सगळ्यांच्या आधी हजर. पण तिने काचेची केबिन बांधली आणि माणसं एकेक करून आत बोलवायला सुरुवात केली. भिंतीवर मोठा तक्ता लागला. कोणत्या कामाला किती वेळ, ते त्यात लिहिलेलं. केबिनच्या कोपऱ्यात माझ्यावर झाडाची कुंडी आली. मोठ्या साहेबांची तिवई, आणि झाली कुंडीची बैठक! पाणी झिरपून माझ्या अंगावर गोल डाग पडला. मी दुखावले होते, खोटं कशाला सांगू?

त्या कोपऱ्यातून मला सगळं दिसायचं. माणसं आत यायची, हात बांधून उभी राहायची, "सगळं ठीक आहे ताई" म्हणायची आणि जायची. मावशीही तसंच म्हणाल्या होत्या. म्हणण्याआधी तक्त्याकडे दोनदा बघितलं होतं, ते फक्त मला दिसलं.

आणि मग तो प्रकार झाला. मुलींच्या एका वसतिगृहाला तीनशे कुलपं गेली होती. एका मुलीने चुकून मैत्रिणीच्या कपाटाला आपली किल्ली लावली, तर ते उघडलं. मग सगळ्याच जणी उठल्या आणि सगळीच कपाटं उघडली. आमच्याकडे किल्ल्या कापायचं यंत्र एकाच मापावर अडकलं होतं, आणि किल्लीवरून बेतलेली तीनशेच्या तीनशे कुलपं सारखी निघाली होती. माल परत आला. अब्रूचे धिंडवडे निघाले. ताईने मावशींना आत बोलावून हे तपासणीतून सुटलं कसं म्हणून विचारलं. मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना कामावरून काढायचं पत्र टाइप झालं. सही तेवढी बाकी होती.

सही करण्याआधी ताईने वडिलांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "माझी तिवई कुठंय?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंडी खाली ठेवली, रुमालाने मला पुसलं आणि मला घेऊन तपासणीच्या बाकापाशी गेली. "मावशी, बसू का?"

"आत्ता नको. हातातलं होऊ दे."

कानशी थांबल्या. ताईचा चेहरा लाल झाला. पत्र तिच्या खिशातच होतं. क्षणभर मला वाटलं, संपलं. पण ती "बरं" म्हणाली आणि मला उचलून परत आली.

दुपारी मावशी स्वतः केबिनच्या दारात आल्या. म्हणाल्या, "ताई, चला, आता बसा."

ताई बसली. माझ्या खोडीप्रमाणे पुढे झुकली, आणि गप्प राहिली. शेवटी मावशींनीच तोंड उघडलं.

"तुमच्या तक्त्यात कुलपाला एक मिनिट आहे. शेजारणीच्या किल्लीला जागाच नाही. मी सांगायला आले होते, पण तिथं उभं राहिलं की जीभच उचलत नाही."

ताईने खिशातलं पत्र काढलं आणि फाडलं. मग दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं की चूक तक्त्याची होती, आणि तक्ता मी केला होता. यात माझ्याकडून काय हवं, असं तिने मावशींना विचारलं. मावशींनी आणखी एक मिनिट मागून घेतलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मावशी वय झालं म्हणून घरी बसल्या, पण तक्त्यात शेजारणीची किल्ली अजून आहे. माझा एक पाय बदलला, तोही मुद्दाम आखूडच ठेवला. कुंडीचा डाग काही गेला नाही. राहू दे.

परवा मोठे साहेब आले होते. हातात काठी. ताई यंत्र उघडून बसली होती, कोपरापर्यंत तेल. त्यांनी मला काखेत घेतलं, तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "बसू का?"

तिने मान वर केली नाही. "आत्ता नको बाबा, हातातलं होऊ दे."

साहेब "बरं" म्हणाले. मला छातीशी धरून परत फिरले, आणि दारापर्यंत एकटेच हसत राहिले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या फळीवर पडलं. माझ्यावर आणखी एक डाग पडला, पण हा मला हवाय.

तुम्ही कोणाचे साहेब असाल, तर एवढंच सांगते. मला कुठेही न्या, कोणापाशीही ठेवा. पण बसण्याआधी विचारा, आणि नको म्हटलं तर मला उचलून परत न्या. बरं, आता बसायचं असेल तर बसा.