सर्व दिशांनी

वैशाखातल्या दुपारी वाळ्याच्या ओल्या गंधात यंत्राच्या तेलाचा वास मिसळला की मला यादवराव बोरकर दिसू लागतात. नागपुरात हुडकेश्वरच्या त्यांच्या घरातली समोरची खोली, कूलरची अखंड घरघर, खिडकीच्या लोटलेल्या फळ्यांतून आत आलेली उन्हाची एक अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीत जमिनीवर मांडी घालून बसलेली, दाराकडे तोंड केलेली ती कृश, ताठ मूर्ती. पुढ्यात जुन्या धोतराचा धुवट तुकडा, त्यावर तेलाची बाटली, झिजलेला ब्रश, आणि मधोमध, निद्रिस्त कृष्णसर्पासारखे, बत्तीस बोरचे रिव्हॉल्व्हर.

मी अर्जनवीस आहे. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल गेली एकोणतीस वर्षे आहे, आणि नववीपर्यंतच्या शिक्षणावर मी जे लिहितो ते वाचून मोठमोठ्या साहेबांनी 'हे लिहिले कोणी' अशी पृच्छा केलेली आहे. पक्षकाराच्या घरी जाण्याची माझी रीत नाही. यादवराव मात्र गर्दीत यायला बिचकत, म्हणून दर नूतनीकरणाच्या वेळी परवान्याचे कागद घेऊन मीच जात असे, आणि मुद्दाम रविवार निवडत असे. कारण रविवारी ते शस्त्र खोलत.

त्या क्रियेला एक संथ, देवघरातली लय होती. आधी काडतुसे निघून स्टीलच्या डब्यात जात, डब्याचे झाकण लागे, आणि डबा त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई आतल्या कपाटात ठेवून येत. मग चक्री उजेडाकडे धरून ते सहाही रिकाम्या घरांतून आरपार पाहत. मग स्क्रू, मूठ, घोडा, चाप, स्प्रिंगा. एकेक अवयव सुटून शकुंतलाबाईंच्या मांडीवरच्या ताटात पडे आणि ताटाच्या काठावर लहानसा नाद उमटे. सोळा नाद झाले की त्या नुसती मान हलवत. नळीतून चिंधी ओढताना यादवरावांचे खांदे हळूहळू खाली येत, कपाळावरची आठी उलगडे, ओठांच्या कोपऱ्यात जवळजवळ हसू असे. त्या अर्ध्या घटकेपुरते त्या घरात शस्त्र नसे, केवळ लोखंड असे. पुढे एकेक भाग जागेवर बसू लागला की त्यांची मानही पुन्हा ताठ होत जाई, आणि शेवटचा स्क्रू घट्ट होताच त्यांचे डोळे दाराकडे परतत. ते रिव्हॉल्व्हर जोडत की रिव्हॉल्व्हर त्यांना, हे मला कधी सांगता आले नाही.

या सर्वाचा आरंभ अठरा वर्षांपूर्वी कन्हानला झाला. यादवराव तिथे कोळशाच्या वजनकाट्यावर कारकून होते. एका गाडीमालकाच्या खोट्या वजनांविरुद्ध त्यांनी न्यायालयात साक्ष दिली, आणि त्या मालकाने पानठेल्यावर उभे राहून 'पाहून घेतो' एवढे दोन शब्द उच्चारले. हे दोन शब्द घेऊन ते माझ्या टेबलाशी आले होते; चेहरा पांढरा, हातात ओला रुमाल. दोन शब्दांवर परवाना मिळत नसतो. म्हणून मी लिहिले: 'अर्जदाराच्या जीवितास यावज्जीव व सर्व दिशांनी धोका संभवतो.' हे वाक्य मला इतके साधले होते की पुढे मी ते तोंडपाठ म्हणून दाखवत असे. परवाना मिळाला.

परवान्यावर क्षेत्र लिहिले होते, नागपूर जिल्हा. त्यापलीकडे शस्त्र नेता येत नसे, घरात सोडून जाणे त्यांच्या जिवावर येई, आणि ठाण्यात जमा करून रिकाम्या हाताने बाहेर पडणे तर त्यांना अशक्यच वाटे. निवडणुकीत सक्तीने जमा करावे लागले की ते सारे दिवस दाराला पाठ लावून काढत. अशा रीतीने त्यांचे क्षितिज जिल्ह्याच्या हद्दीशी आणि बहुधा अंगणाच्या फाटकाशीच संपले. एकुलत्या मुलीचे पुण्यातले घर त्यांनी पाहिलेले नव्हते. शकुंतलाबाईंचे माहेर नरखेडकडे, जिल्ह्यातच. तिथेही त्या सकाळच्या एसटीने जात आणि दिवे लागायच्या आत परत येत. एकदा चहा देताना त्या मला म्हणाल्या होत्या, "खाटेवरची सासू असती तं शेजारनीपाशी तरी ठेवता आली असती, भाऊ. हे कोनापाशी ठेवू?" यादवरावही त्यावर हसले होते, पण दारावरची नजर न काढता.

गेल्या दोन वर्षांत त्यांच्या हातात कंप शिरला. यंदाच्या वैशाखात मी कागद घेऊन गेलो तेव्हा बोटांना तेल लागलेले होते, आणि एक बारीकशी स्प्रिंग त्यांच्या चिमटीतून निसटून दिवाणाखाली उडाली. ती शोधायला शकुंतलाबाई पालथ्या झाल्या. त्या उठून बसल्या तेव्हा त्यांची उजवी मूठ मिटलेली होती.

"सापडली का वं?"

"सापडली. पन देत नाही."

यादवरावांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. शकुंतलाबाईंनी आवाज चढवला नाही. मुलीला सातवा महिना लागल्याचे, तिथे तिच्यापाशी कोणी नसल्याचे, आणि आपण जाणार ते तुम्हाला घेऊनच, हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. यादवराव म्हणाले की धोका आहे.

"कोनाचा? तो मानूस मरून पाच वर्सं झाले. लोकं त्याची तेरवी जेवून आले."

त्यावर यादवरावांनी परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटातून चार घड्यांचा एक कागद काढला. माझ्याच अर्जाची प्रत होती ती, घड्यांवर विरलेली. "हे मुन्शीजीनं लिवलं हाये. सर्व दिशांनी. एक दिशा गेली असंल, शके. बाकीच्या?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. माझ्या लेखणीवर इतका विश्वास कोणा न्यायाधीशानेही ठेवला नसेल, आणि त्या विश्वासाचे ओझे मला त्या क्षणी पेलवेना. मी खाली पाहत म्हणालो, "यादवराव, दिशा एकच होती. बाकीच्या मी वाक्याले वजन यावं म्हनून घातल्या."

ते रागावले नाहीत. कागदाची एकेक घडी जिथल्या तिथे मिटवत म्हणाले, "आता काहून सांगून राहिले, मुन्शीजी? अठरा वर्सं राहून गेलो ना मी त्यात."

शकुंतलाबाई उठल्या. त्यांनी मूठ उघडली ती माझ्या तळहातावर. "तुमीच लिवलं. आता तुमीच पाहा," एवढे म्हणून त्या आत गेल्या, आणि कपाटावरून पेटी ओढल्याचा आवाज आला.

ती स्प्रिंग मी काय करावी? खिशात टाकावी असे वाटले. पण समोरचा हात अजून पुढेच होता, त्या हातात भीक मागणाऱ्याची नव्हे, श्वास मागणाऱ्याची अजीजी होती. मी ती दिली.

त्या आठवड्यात शकुंतलाबाई एकट्याच पुण्याला गेल्या. मी शस्त्र कायमचे जमा करण्याचा अर्ज टंकून नेला, तीन ओळींचा, एकही विशेषण नसलेला. यादवरावांनी तो दोनदा वाचला आणि माघारी देत म्हणाले, "याच्यात वजन नाही."

आता रविवारी ताट माझ्या मांडीवर असते. नात झाली त्या दिवशी तिचा फोटो माझ्याच फोनवर आला; तेलकट बोटे लागू नयेत म्हणून दोन्ही हात पाठीमागे घेऊन, मान लांबवून, त्यांनी तो कितीतरी वेळ पाहिला. शकुंतलाबाईंनी फोटोखाली लिहून विचारले होते, येता का. यादवरावांनी उत्तरादाखल चक्री उचलली आणि पुसायला घेतली. मी अनेकांची उत्तरे लिहून दिली आहेत. हे मला लिहिता आले नाही, मी फोन उलटा ठेवला. काळ माणसाला नेतो तेव्हा त्याची जागा रिकामी होते, आणि आपण त्या रिकामपणाला आठवण म्हणतो. पण भय ज्याचे होते तोच निघून गेल्यावर मागे जे उरते, जे रोज दार लावून घेते आणि रोज दाराकडे पाहत राहते, त्याला काय म्हणावे, एवढा एक शब्द माझ्यापाशी नाही.