सहाव्या घरातली काजळी

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी पुंगळी आहे. माझ्यातली गोळी कधीच उडून गेली. एरवी मी भंगारात गेले असते, पण बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला उचललं, माझं तोंड जरासं फाकवलं, कानशीने धार लावली आणि कामाला जुंपलं.

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रीत गोळ्यांसाठी सहा घरं असतात. सरावाला आखूड गोळ्या वापरल्या की आत काजळीचं कडं धरतं. ते तेलाला दाद देत नाही, ब्रशला जुमानत नाही. मग लांब गोळी पूर्ण आत जात नाही. मी ते कडं खरवडून काढायचे. "हा माझा उजवा हात," असं काका सांगायचे आणि मी फुशारून जायचे.

चहाची तल्लफ आली की काका माझ्या तोंडावर फुंकर मारून शीळ घालायचे. "आले, आले, कान किटले," म्हणत काकू कप आणायच्या. मग काका खुशीत मला ऐरणीवर टकटक वाजवायचे. माझी धार जात होती. मला ते जाणवत होतं, पण लाड कोणाला नको असतात?

तशात पेढीवर पहारा देणारी एक ताई तिचं रिव्हॉल्व्हर घेऊन आली. नेमबाजीच्या परीक्षेत पास झाली तरच तिचा पहारा टिकणार होता. काकांनी मला सहाही घरांत फिरवलं. सहाव्या घरात मला कडं लागलं, आणि मी त्यावरून नुसतीच घसरले. काकांच्या हाताला काही अडकलं नाही.

"ने बिनधास्त," ते म्हणाले. "आरसा झालाय."

परीक्षेला लांब गोळ्या होत्या. ताईची सहावी गोळी अर्ध्यातच अडकली. भरायला बाहेर काढलेली चक्री परत आत बसेना. तिला घरी पाठवलं.

ती परत आली, पण रागावली नाही. "काका, तुमच्या हाताखालून गेलं म्हणून मी गोळी घालून बघितलीच नाही हो," एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी मला नवी धार लावली, कडं काढलं आणि ताईबरोबर तिच्या साहेबांकडे गेले. मी खिशातच होते.

"चूक माझी आहे, साहेब. पोरीला पुन्हा बसू द्या."

"चूक तुमची असेल, पण हत्यार तिचं होतं," साहेब म्हणाले. "आता पुढच्या वर्षी."

मित्रांनो, आवडत्या वस्तूचं कौतुक जरूर करा, पण तिची धारही बघत जा. आता काका प्रत्येक घरात बिनदारूची लांब गोळी घालून बघतात, मगच हत्यार देतात. काकू न बोलावता चहा आणतात. "वाजवा की एकदा," म्हणतात. काका मला उचलतात, अंगठ्याने धार तपासतात आणि गुपचूप जागेवर ठेवतात.