पंप माझ्या आतल्या कप्प्यात होता

मी एक जुनी, खांद्याला अडकवायची चामड्याची पिशवी आहे. मित्रांनो, पिशवीला कसली आली आहे भीती, असं तुम्हाला वाटेल. फाटण्याची, हरवण्याची, कुणी हिसकावून नेण्याची भीती तर मला आहेच. पण ज्या आठवणीने माझं कातडं आजही आक्रसतं, ती निराळी आहे.

एका अरुंद गल्लीतल्या कारागिराने मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं. बाहेर एक उघडा कप्पा दिला आणि आत चेनचा एक. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने आपल्या नव्या बायकोसाठी मला विकत घेतलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेत सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते.

माझी सुरुवातीची वर्षं थाटाची होती. रंगांच्या ट्यूबा, ब्रश, मुलांची गुंडाळलेली चित्रं, सगळं मी वाहिलं. शिक्षिकांच्या खोलीत माझं कौतुक व्हायचं. मग माझे कोपरे घासले, अस्तर उसवलं. एक चकचकीत नवी पिशवी आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे धूळ खात पडल्यावर वाटलं, संपलं आपलं.

मला खाली आणलं ते बाईंच्या दम्याने. नव्या पिशवीत औषधाचा पंप तळाशी जाऊन बसायचा आणि हवा तेव्हा सापडायचा नाही. माझ्या बाहेरच्या कप्प्यात मात्र हात घातला की तो हाती यायचा. तेव्हापासून मी पुन्हा बाईंच्या खांद्यावर आले. तेव्हापासूनच मी भित्री झाले.

एकदा जोडून सुट्ट्या आल्या. बाईंचे यजमान म्हणाले, "चल, ते शहर बघून येऊ. तुझी ती चित्रं आहेत ना तिथे?" बाईंचा आनंद गगनात मावेना. एक चित्र त्या वर्षानुवर्षं मुलांना पुस्तकातून दाखवत आल्या होत्या, वादळात सापडलेल्या होडीचं. पुस्तकात ते तळहाताएवढं होतं. खरं चित्र भिंतभर आहे, असं त्या नेहमी सांगायच्या.

पहिल्या संध्याकाळी दोघं एका उपाहारगृहात गेली. भाजलेला मासा, गरम सूप, मऊ पाव, सगळं छान होतं. फक्त टेबलाजवळच कोळशाची शेगडी होती. यजमान हात धुवायला उठले, तोच बाईंचा हात माझ्या कप्प्यात शिरला. पंप बाहेर आला, दोनदा ओढला गेला आणि घाईने परत आत गेला. यजमान परतले तेव्हा बाई हसत होत्या.

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? सूप गार होतंय तुमचं."

दुसऱ्या दिवशी दोघं शहरभर फिरली. जुना बाजार, नदीवरचा पूल, चढाच्या गल्ल्या. यजमान पुढे झाले की बाई भिंतीला टेकायच्या आणि त्यांचा हात माझ्याकडे यायचा. दर वेळी पंप हलका होऊन परतत होता. तो संपत आलाय, हे मला कळत होतं. नवा, भरलेला पंप आतल्या चेनच्या कप्प्यात होता. पण मी सांगणार कशी? बाईंच्या बरगड्यांवर आपटत राहण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही चित्रसंग्रहालयात पोचलो. दारावरचा रखवालदार म्हणाला, "पिशव्या आत नेता येणार नाहीत. तिकडे जमा करा." बाईंनी बाहेरच्या कप्प्यातला पंप काढून कोटाच्या खिशात टाकला. तो हलका पंप. मला काउंटरवरच्या बाईकडे दिलं, टोकन घेतलं आणि त्या निघाल्या.

मला फळीवर ठेवलं गेलं. शेजारी अनोळखी छत्र्या आणि पिशव्या. भरलेला पंप माझ्या पोटात दगडासारखा बसला होता. प्रत्येक पावलाचा आवाज आला की वाटायचं, त्या आल्या. पण त्या आल्या नाहीत.

आले ते यजमान, धावत. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही.

"पिशवी द्या. लवकर."

"टोकन?"

"तिच्याकडे आहे. तिला श्वास घेता येत नाहीये हो."

काउंटरवरच्या बाईने पुढे काही विचारलं नाही. "आत या, कुठली ती दाखवा," म्हणाली. यजमानांनी मला ओढून काढलं आणि उलटंपालटं केलं. कंगवा पडला, रुमाल पडला, पेन्सिली घरंगळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यात कधी हात घातला नव्हता. बायकोच्या पिशवीला हात लावू नये, असं मानणारा तो भला माणूस. त्यांची बोटं आतल्या चेनवरून तशीच पुढे सरकली.

"शोधत बसू नका, पिशवीच न्या," काउंटरवरची बाई म्हणाली.

त्यांनी मला छातीशी धरलं आणि ते जिने चढले. लिफ्ट बंद होती. मघाशी हेच जिने बाई भराभर चढल्या असणार, त्या चित्रासाठी.

बाई त्या वादळाच्या चित्रासमोर बाकावर बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते आणि रिकामा पंप खाली पडला होता. यजमानांनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी डोळे उघडले नाहीत. नुसत्या चाचपत त्यांच्या बोटांनी चेन ओढली आणि भरलेला पंप तोंडाशी नेला. मग कितीतरी वेळ मी फक्त त्यांचा श्वास ऐकत राहिले. घरघर हळूहळू उतरत गेली.

डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, आज आता चालायचं नाही. यजमान जमिनीवरच बसले होते.

"कधीपासून होतंय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लगेच गाडी पकडली असती."

"पकडली असतीच," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बाकीची दालनं राहूनच गेली. ते एकच चित्र दोघांनी शेजारी बसून पाहिलं.

परतीच्या गाडीत यजमानांनी मला मांडीवर घेतलं आणि माझा एकेक कप्पा उघडून विचारत राहिले, "इथे काय असतं? आणि इथे?"

मित्रांनो, तुमच्या घरातलं माणूस काय बाळगून फिरतं, ते एकदा विचारून ठेवा. आणि बाळगणारं माणूस तुम्हीच असाल, तर लपवू नका. आता एक भरलेला पंप यजमानांच्या शर्टाच्या खिशातही असतो. तो खिसाही माझ्यासारखाच भित्रा निघावा, एवढीच माझी इच्छा आहे.